फळ्यावरचे नुक्ते

उर्दूत चष्म्याला ऐनक म्हणतात. मराठीने मात्र चष्मा हा शब्द उचलला तो फारसीतून. फारसीत चश्म म्हणजे डोळा आणि चश्मा म्हणजे पाण्याचा झरा. अरबीतल्या ऐन या शब्दाचेही तसेच आहे. डोळ्यालाही ऐन म्हणतात, झऱ्यालाही ऐन, आणि वर्णमालेतल्या एका अक्षराचे नावही ऐनच. जुनी माणसे मुलाला पत्र लिहिताना 'नूर-ए-चश्म' असा मायना घालत. मुलीचे नाव कुर्रतुल-ऐन ठेवतात, त्याचा अर्थ डोळ्यांचा थंडावा. लेकरांना डोळ्यांच्या नावाने हाक मारणारी आपली भाषा! आणि त्याच लेकराला लांबचे दिसत नाही, ही गोष्ट घरात सर्वांत शेवटी कळते. असे का होते, हा प्रश्न गेली बारा वर्षे उर्दू शाळेत शिकवताना आम्हाला दर जूनमध्ये नव्याने पडतो.

इथे 'आम्ही' म्हणजे कुणी मंडळ किंवा संस्था नव्हे. उर्दूत 'हम' म्हणण्याची सवय जडली, ती मराठी लिहितानाही सुटत नाही, एवढेच. प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर आमच्याच लहानपणात आहे, म्हणून आधी ते सांगतो.

ज्यांना उर्दू वाचता येत नाही अशा वाचकांसाठी लिपीबद्दल थोडे सांगावे लागेल. उर्दूतली बरीच अक्षरे अंगाने एकच असतात, फरक असतो तो नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा. बे, पे, ते, टे, से या पाचही अक्षरांचा आकार एका उथळ होडीसारखा. होडीखाली एक नुक्ता दिला की बे, तीन दिले की पे. वर दोन दिले की ते, वर तीन दिले की से. जीम, चे, हे, खे यांचेही एकच अंग. पोटात एक नुक्ता म्हणजे जीम, तीन म्हणजे चे, डोक्यावर एक म्हणजे खे आणि काहीच नसेल तर हे. आता अलिफ आणि लाम ही दोन अक्षरे या चौघांना जोडून पाहा. जाल, चाल, हाल आणि ख़ाल असे चार शब्द तयार होतात. जाल म्हणजे जाळे, चाल म्हणजे चालण्याची ढब, हाल म्हणजे अवस्था, आणि ख़ाल म्हणजे गालावरचा तीळ. चारही शब्दांचे शरीर एकच, अर्थ मात्र एकमेकांच्या गावालाही न जाणारे. खुदा आणि जुदा यांच्यात तर एका नुक्त्याचाच फरक. तो डोक्यावरून पोटात गेला की ज्याच्याकडे जायचे त्याच्यापासून माणूस वेगळा होतो, असे आमचे उस्ताद हसून सांगत.

हे नुक्ते फळ्यावर खडूने दिलेले, हरभऱ्याच्या डाळीएवढे. आम्ही सोलापुरातल्या एका उर्दू शाळेत शिकत होतो. बाक तिसरा, कधी चौथा. २००१ साली आम्ही सातवीत होतो. तेव्हा फळ्यावर आम्हाला होड्या दिसत, नुक्ते दिसत नसत. जे दिसे ते असे की कुणी ओल्या बोटाने अक्षरांवरून हात फिरवला आहे. फळा असाच असतो, अशी आमची समजूत होती. दुसऱ्या कुणाचे डोळे लावून पाहिल्याशिवाय आपल्याला कमी दिसते हे माणसाला कळणार कसे?

पण नुक्ते दिसत नसले तरी ऐकू येत. खडू फळ्यावर घासत जातो तेव्हा सरसर आवाज होतो आणि नुक्ता देताना टक् असा. एक टक् म्हणजे बे किंवा जीम. दोन टक् म्हणजे ते. तीन टक् झाले की पे, चे, से यांपैकी काहीतरी. वर की खाली, ते उस्तादांच्या कोपरावरून ताडायचे. उरलेले वाक्याच्या अर्थावरून. या हिशेबाने आम्ही दोन वर्षे काढली. वर्गात गडबड असली, शेजारच्या वर्गात पाढे चालू असले की हिशेब चुके. मग इमल्यात, म्हणजे शुद्धलेखनात, लाल शाई. तोंडी परीक्षेत पहिल्या तिघांत असणारी मुलगी लेखी उताऱ्यात जाल आणि चाल यांत घोटाळा करते, याचा अर्थ उस्तादांनी 'बेपरवाई' असा लावला. गुणपत्रकावर तोच शेरा आला. मराठीच्या तासाला तुलनेने बरे होते. एक तर बाई पुस्तकावरून शिकवत, आणि पुस्तक हाताशी असल्यामुळे स्वच्छ दिसे. दुसरे म्हणजे देवनागरीत बहुतेक अक्षराला स्वतःचे वेगळे अंग आहे, पुसट दिसले तरी अंदाज लागतो. आमची मराठी चांगली आणि उर्दू कच्ची, असे उर्दू शाळेतले उलटे प्रगतिपुस्तक त्यातून तयार झाले. आज हा लेख मराठीत लिहिण्याचे मूळ कदाचित तिथेच असेल.

बाकीच्या युक्त्या सगळ्यांच्याच असतात. डोळे बारीक करून पाहायचे. मुठीची पुंगळी करून तिच्या बारीक फटीतून पाहायचे. त्याने थोडे स्पष्ट दिसते, कारण फट बारीक झाली की विखुरलेला प्रकाश कापला जातो. हे कारण पुढे बी.एड.च्या वेळी कळले, युक्ती मात्र हाताला आधी सापडली होती. फळा पुसण्याचे काम मागून घ्यायचे, म्हणजे पुसता पुसता वाचून होते. पाणी पिण्याच्या निमित्ताने उठायचे आणि येताजाता एक ओळ डोळ्यांत साठवून आणायची. शेजारणीच्या वहीत पाहायचे. तिचे अक्षर चांगले होते, ही अल्लाची मेहरबानी.

शाळेबाहेरचा मामला जास्त अवघड होता. मोहल्ल्यात समोरून येणाऱ्या वडीलधाऱ्यांना सलाम करायचा असतो. आम्हाला रस्त्यापलीकडचे चेहरे दिसत नसत, त्यामुळे सलाम राहून जाई. 'दर्ज्याची पोरगी मगरूर आहे' असा बोभाटा झाला. त्यावर आम्ही उपाय काढला तो माणसाला चालीवरून ओळखण्याचा. अमुक चाचा एका पायावर भार देतात, तमुक खाला बुरख्याची कड हाताने उचलून धरतात. तरीही चूक होई, म्हणून पुढे सरसकट सगळ्यांना सलाम करायला सुरुवात केली. अनोळखी माणसे दचकत आणि सलामाचे उत्तर देऊन पुढे जात. एकदा ओट्यावर खुर्चीवर वाळत घातलेल्या शेरवानीलाही सलाम झाला. मगरूर मुलगी महिन्याभरात 'बडी बाअदब बच्ची' झाली.

रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाला सगळी गल्ली गच्चीवर. 'वो देखो, मीनार के बाजू में, तार के ऊपर!' बोटे एका दिशेला, चेहरे एका दिशेला. चांदरातीची ती कोर नखाच्या कडेएवढी बारीक, आणि आमच्यासाठी मीनारच पुसट होता. तरी आम्हीही 'दिखा, दिखा' म्हणत हात उचलून दुआ मागत असू. आजूबाजूला इतका आनंद चाललेला असताना एकट्या मुलीने 'मला नाही दिसला' म्हणावे, एवढा दम कोणत्या लेकरात असतो?

आता घराकडे येतो, कारण खरी अडचण तिथे होती. आमचे अब्बा शिलाईकाम करत. सोलापूर चादरीसाठी प्रसिद्ध आहे, पण शाळेचे गणवेश शिवणारे शहर म्हणूनही त्याचे नाव आहे. कारखान्यातून कापलेला माल घरी यायचा, अब्बा शर्ट शिवायचे, अम्मी काज-बटण करायची. मजुरी नगावर. हंगाम उन्हाळ्याचा, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत. अब्बांचे वय तेव्हा चाळिशी ओलांडून पुढे गेले होते. या वयात जवळचे दिसणे सर्वांचेच कमी होते, ज्याला आपण चाळिशी लागली म्हणतो तेच. मशीनच्या सुईत दोरा ओवायचा झाला की अब्बा हाक मारत. आम्ही जात असू, दोऱ्याचे टोक ओठांत ओले करत असू आणि एका झटक्यात ओवून देत असू. 'मेरी बच्ची की नजर बाज की नजर है,' असे अब्बा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. संध्याकाळी अरबी पढायला बसलो की रेहलवर ठेवलेल्या कुरआनातला एकेक जेर-जबर आम्हाला स्पष्ट दिसे. मेहंदीची बारीक नक्षी काढायला शेजारच्या मुली आमच्याकडे येत. अशा मुलीचे डोळे कमजोर आहेत असे कुणाला वाटणार? दूरच्या नजरेचा हा दोष हातभर अंतराच्या आत सापडतच नाही. आणि घरातली मुलगी सगळ्यांना दिसते ती हातभर अंतराच्या आतच.

आम्हाला स्वतःला कळले ते एका नुक्त्यामुळेच. एके दिवशी शेवटच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, 'सर, पे का एक नुक्ता रह गया.' वर्ग हसला, सरांनी राहिलेला नुक्ता दिला. आम्ही मात्र गार झालो. शेवटच्या बाकावरून तिला नुक्ता दिसला, एवढेच नव्हे तर नसलेला नुक्ताही दिसला. तिच्या आणि फळ्याच्या मध्ये आम्ही बसलो होतो. म्हणजे फळा पुसट नव्हता.

त्यानंतर तीन महिने आम्ही काही बोललो नाही. त्या तीन महिन्यांबद्दल आज शिक्षक म्हणून आम्हाला जास्त कुतूहल वाटते. मूल सांगत नाही तेव्हा ते लपवत असते असे आपण समजतो. पुष्कळदा ते हिशेब करत असते. हंगाम चालू आहे, अब्बा रात्री एकपर्यंत मशीनवर आहेत, अम्मीची बोटे काजांनी सोलली आहेत, घरभाड्याची चर्चा भिंतीपलीकडून ऐकू येते आहे. चष्म्याला किती पैसे पडतात हे माहीत नाही, पण 'डोळ्यांचा डॉक्टर' हे शब्द महाग वाटतात. शिवाय मुलगी. चष्मा लागलेल्या चुलतबहिणीबद्दल बायका काय बोलतात ते कानांवर पडलेले. आणि सगळ्यांत आत, कुणाला न सांगण्यासारखे असे की, अब्बांची सुई ओवणारी नजर ती आपलीच. ती कमजोर आहे असे सांगितले तर अब्बांच्या हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखे होईल. बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात एवढा जमाखर्च चाललेला असतो, आणि बाहेरून ती फक्त गप्प दिसते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कारखान्याचा हिशेब झाला. त्या संध्याकाळी अब्बा दारात बसले होते, मशीन बंद होते. आम्ही जवळ जाऊन बसलो आणि समोरच्या किराणा दुकानाकडे बोट केले.

'अब्बा, वो पाटी पे क्या लिखा है?'

अब्बांनी नाव वाचले. खाली फोन नंबर होता, तोही वाचला. 'कायकू पूछती?'

'मेरेकू पाटीच दिखती, लिखा सो नै दिखता.'

अब्बा हसले. 'सुई में धागा तूच डालती ना? फिर नजर कमजोर कैसी?'

याचे उत्तर आमच्याकडे शब्दांत नव्हते. आम्ही आत जाऊन दोऱ्याचे रीळ आणले आणि त्यावरचा बारीक छापील नंबर त्यांच्यापुढे धरला. अब्बांनी रीळ लांब धरले, आणखी लांब धरले. 'हाथ छोटा पड़ गया,' म्हणाले. आम्ही तो नंबर वाचून दाखवला आणि म्हणालो, 'पास का मेरेकू दिखता, दूर का तुमकू.'

मग अब्बा उठले. कापडावर खुणा करायचा खडू घेतला, मशीनमागच्या भिंतीवर चार अक्षरे काढली आणि आम्हाला उंबऱ्यावर उभे केले. उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत सात पावले. एकेक पाऊल पुढे यायला सांगितले. पाचव्या पावलाला आम्हाला अक्षरे लागली. अब्बा बराच वेळ खडू हातात घेऊन उभे राहिले. 'इत्ते दिन बोली कायकू नै?' असे त्यांनी विचारले. 'सीजन था,' एवढेच आम्ही म्हणालो. त्यावर ते काही बोलले नाहीत. भिंतीवरची ती अक्षरे मात्र पुढे रंग काढेपर्यंत तशीच राहिली.

अम्मीने आतून सगळे ऐकले होते. 'बच्ची को ऐनक? कल को रिश्ता आया तो?' तिची काळजी खोटी नव्हती. जगाचा बाजार तिने पाहिला होता. अब्बा म्हणाले, 'रिश्ता आएगा तब आएगा. इम्तहान अगले महीने है.'

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे अडीच सांगितला. या आकड्याचा अर्थ पुढे आम्ही स्वतः विद्यार्थ्यांना समजावून सांगू लागलो. एकाला अडीचने भागले की शून्य दशांश चार येतात, म्हणजे चाळीस सेंटिमीटर. उणे अडीचच्या डोळ्याला चाळीस सेंटिमीटरपर्यंतचे स्वच्छ दिसते, त्यापुढचे जग पुसट. अशा डोळ्याचा गोळा पुढूनमागे जरासा लांब असतो. त्यामुळे दुरून आलेले किरण पडद्यावर पोचण्याआधीच एकत्र येतात. आत वळलेली, म्हणजे अंतर्गोल काच लावली की ते थोडे मागे सरकून पडद्यावर पडतात. एवढाच चष्म्याचा धर्म. तो डोळा बरा करत नाही आणि बिघडवतही नाही. वाढत्या वयात नंबर वाढतो, कारण मूल वाढते तसा डोळ्याचा गोळाही वाढत असतो. 'चष्मा लावला म्हणून नंबर वाढला' हे म्हणणे म्हणजे मोठे बूट घेतले म्हणून पाय वाढला म्हणण्यासारखे आहे.

चष्म्याची किंमत अब्बांनी रुपयांत सांगितली नाही, शर्टांत सांगितली. एकोणीस शर्ट. त्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांचेही डोळे तपासले आणि जवळचा चष्मा लिहून दिला. तो कागद अब्बांनी मशीनच्या खणात ठेवला. आमचा चष्मा चौथ्या दिवशी आला, त्यांचा दोन हंगामांनंतर. तोपर्यंत सुई आम्हीच ओवत राहिलो, चष्मा कपाळावर सारून.

चष्मा लागल्यावर काय काय दिसले याची यादी करत नाही, ज्यांना लागला आहे त्यांना ती माहीत आहे. भुईकोट किल्ल्याचा तट आम्हाला तोवर एक तपकिरी पट्टा वाटे, त्याला दगड आहेत हे कळले. इमल्यातली लाल शाई त्या सहामाहीत जवळजवळ संपली. 'बेपरवाई'चा शेरा पुन्हा आला नाही.

अम्मीने म्हटलेले रिश्तेही यथावकाश आले. पाहुणे यायचे म्हटले की घरातल्या बायका चष्मा काढून ठेवायला सांगत. चहाचा ट्रे घेऊन आम्ही अंदाजाने चालत जाऊ. समोर बसलेल्यांचे चेहरे म्हणजे रंगीत ढग. त्यांनी आम्हाला नीट पाहिले. आम्ही कुणाला पाहिले नाही. निकाहाआधी एकमेकांना पाहण्याची मुभा शरीअतने दिली आहे, आणि ती मुलीलाही आहे. घरातून आम्हाला त्या मुभेसकट पाठवले जाई आणि डोळे मात्र काढून घेतले जात. चौथ्या वेळी आम्ही चष्मा लावूनच ट्रे नेला. अम्मी रागावली, अब्बा मान खाली घालून मिशीत हसले. तो रिश्ता जमला नाही, त्याच्या पुढचा जमला. आमच्या मियांना आमच्याहून मोठा नंबर आहे.

हे सगळे इतक्या तपशिलाने लिहिले ते स्वतःची कहाणी सांगण्याच्या हौसेने नव्हे. आता आम्ही फळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभे असतो. तिथून पन्नास-साठ चेहरे दिसतात, त्यांतले काही डोळे बारीक केलेले असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही वर्गात दोरीने सहा मीटर, म्हणजे साधारण वीस फूट मोजतो. भिंतीवर तक्ता लावतो. डच डॉक्टर स्नेलन यांनी १८६२ साली काढलेला अक्षरांचा तक्ता जगभर चालतो. शाळेत मात्र त्याचा तो प्रकार बरा पडतो ज्यात इंग्रजी ई अक्षर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे तोंड करून छापलेले असते. मुलाने बोटांनी दिशा दाखवायची. उर्दू, मराठी, इंग्रजी काहीच यायची गरज नाही. एक डोळा तळहाताने झाकायचा, दाबायचा नाही, मग दुसरा. एका वर्गाला दोन तास पुरतात. खर्च शून्य.

सरकारी व्यवस्था नाही असेही नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी त्यात आली. पथक येते, मुले तपासली जातात, ज्यांना गरज असेल त्यांच्या हातात पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली जाते. इथपर्यंत गाडी चालते. अडते ती शाळेच्या फाटकापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत. कितीतरी चिठ्ठ्या आम्ही डिसेंबरमध्ये दप्तराच्या तळाशी, पेन्सिलीच्या भुशात सापडलेल्या पाहिल्या आहेत. 'घर में बताई?' म्हटले की मुलगी होकारार्थी मान हलवते. ती मान आम्हाला ओळखीची आहे. तिचा हिशेब चालू असतो.

आपल्या समाजात इब्ने हैसम यांचे नाव अभिमानाने घेतले जाते आणि ते रास्तच आहे. बसऱ्यात दहाव्या शतकात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या या विद्वानाने 'किताबुल मनाजिर' लिहून दाखवून दिले की डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो तेव्हा आपल्याला दिसते. २०१५ हे वर्ष प्रकाशाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा जगाने त्यांची आठवण काढली. आमच्या शाळेतही मुलांनी भाषणे पाठ केली. एका मुलाने फार सुंदर भाषण केले, आणि समोर भिंतीवर लावलेले त्यांचे चित्र त्याला दिसत नव्हते. हजार वर्षांपूर्वीच्या प्रकाशाचे कौतुक करताना आपल्याच रांगेतल्या मुलाच्या डोळ्यांत किती प्रकाश नीट पोचतो, हेही पाहायला नको का?

पालकांना दोष देण्याचा हेतू नाही. पालक म्हणतात, गाजर खिलाते हैं, बदाम भिगो के देते हैं. खायला हरकत नाही, पण लांबट झालेला डोळा गाजराने आखूड होत नाही. कुणी सुरमा घालतात. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसे आढळले आहे आणि लहान मुलांना ते घातक आहे, हे आम्ही हात जोडून सांगतो. कुणी म्हणतात, मोबाइल काढून घेतला की नजर ठीक होईल. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि अख्खा वर्ग सहा इंची पडद्यात गेला, तेव्हापासून ही तक्रार वाढली. मोबाइल कमी व्हावा हे खरेच, पण आलेला नंबर त्याने जात नाही.

एक गोष्ट मात्र नंबर यायच्या आधी उपयोगी पडते, आणि ती फुकट आहे. मोकळ्या उजेडात खेळणे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना तीन वर्षे रोज चाळीस मिनिटे जादा मैदानावर नेले. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना नेले नव्हते त्यांच्यात सुमारे चाळीस टक्के मुलांना दूरदृष्टीचा दोष आला होता, ज्यांना नेले त्यांच्यात सुमारे तीस टक्क्यांना. हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे आमच्या मोहल्ल्यातल्या मुली आल्या. पाचवी-सहावी झाली की त्यांचे अंगण बंद. मुलगे गल्लीत क्रिकेट खेळतात आणि मुली खिडकीमागे कशिदा काढतात. शाळेतही मैदान मुलांचे, व्हरांडा मुलींचा. परद्याच्या वादात आम्ही पडत नाही. भिंतीआडचे अंगण, गच्ची, शाळेचे मधल्या सुट्टीतले मैदान, यांतले काहीतरी मुलीच्या वाट्याला रोज तासभर येऊ द्यावे, एवढेच मागणे आहे.

फुकट चष्मे वाटून प्रश्न सुटेल असे वाटत असेल तर तेही पुरे नाही. चीनच्याच ग्रामीण भागात सुमारे अडीचशे शाळांत असा प्रयोग झाला, २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. चष्मे मिळालेल्या मुलांचे गणिताचे गुण वाढले. पण न सांगता पाहणी केली तेव्हा फुकट चष्मा मिळालेल्यांपैकीही निम्म्याहून जास्त मुलांच्या नाकावर तो नव्हता. चष्मा डोळ्यांवर राहण्यासाठी घरातल्या माणसांच्या मनात त्याला जागा लागते.

गेल्या दोन वर्षांपासून आम्ही पालकसभेत वेगळे करून पाहतो. भाषण करत नाही. वीस फुटांच्या खुणेवर आईला किंवा वडिलांना उभे करतो, शेजारी त्यांचे मूल. दोघांनी तक्ता वाचायचा. वडील खालच्या ओळीपर्यंत सहज जातात, मूल दुसऱ्या ओळीला थांबते. कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. एक रिक्षावाले पालक तिथेच मुलीकडे वळून म्हणाले, 'बेटा, तू इतने में कैसे पढ़ रही थी?' मुलीने उत्तर दिले नाही. पुढच्या सोमवारी ते तिला तपासणीला घेऊन गेले.

ती मुलगी आता सहावीत आहे. चष्मा आला आहे. वर्गात आली की डबीतून काढून लावते, फळ्यावरचे सगळे नुक्ते बरोबर उतरवते. शाळा सुटली की फाटकाजवळ थांबते, चष्मा डबीत ठेवते आणि मग रस्ता ओलांडते. तिच्या अम्मीने तसे सांगितले आहे. त्या रस्त्यावर रिक्षा आणि टमटम यांची किती गर्दी असते ते आम्ही रोज पाहतो. अम्मीशी दोनदा बोललो. तिसऱ्यांदा जाणार आहोत, या वेळी आमचे मियांही बरोबर येतील, दोघेही चष्मा लावून.

वाचकांना एकच विनंती. आज मगरिबनंतर घरातल्या भिंतीवर एक कॅलेंडर टांगा आणि मुलांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करून तारखा वाचायला सांगा. आधी तुम्ही वाचा, मग ते वाचतील. कुणी अडखळले तर 'इतके दिवस का नाही सांगितले' असे विचारू नका. डॉक्टरांकडे कोणत्या वारी जायचे, तेवढे ठरवा.